भिडू पाहिजे

परवा ताईचा फोन आला. पुण्यात सकाळचे सात, म्हणजे आमच्याकडे शिकागोत रात्रीचे साडेआठ. एरवी ती आधी हवापाणी, मग गुडघे, मग सोसायटीतली भांडणं अशा क्रमाने येते. परवा थेट मुद्द्यावर. "अरे, हे जेन कॉन काय प्रकरण आहे?"

माझा भाचा गेल्या ऑगस्टपासून इंडियानात एमएस करतोय. त्याने म्हणे इंडियानापोलिसला चार दिवस खेळ खेळायला जायचं ठरवलंय. मैदानी नाही, बैठे खेळ. पट, पत्ते, फाशे. पैसेही भरून झालेत. ताईचं म्हणणं असं की एवढं कर्ज काढून पोराला पाठवलं ते काय फाशे टाकायला? "तू मामा आहेस ना, तूच समजाव त्याला."

मी "हो, बोलतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आता गंमत अशी की या जत्रेला मी स्वतः तीनदा जाऊन आलोय आणि हे ताईला आजवर सांगितलेलं नाही. :) त्यामुळे कोणी कुणाला समजवायचं हा प्रश्नच आहे. फोनवर जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहून काढतोय. ताईसाठी थोडा इतिहास, भाच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

तर आधी हे काय आहे ते सांगतो. जेन कॉन म्हणजे अमेरिकेतली बैठ्या खेळांची सगळ्यात मोठी जत्रा. दरवर्षी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, गुरुवार ते रविवार, इंडियानापोलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरते. २०२३ साली तिथे ७० हजारांहून जास्त माणसं आली होती. एका बाजूला प्रकाशकांचं अवाढव्य दालन, तिथे नवे खेळ मांडलेले आणि विकायला ठेवलेले. बाकी सगळीकडे, म्हणजे सेंटरच्या खोल्यांत, आजूबाजूच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये, शेजारच्या फुटबॉल स्टेडियममध्ये सुद्धा, नुसती टेबलं. त्या टेबलांवर सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत डाव चालू असतात.

मी पहिल्यांदा गेलो ते ऑफिसातल्या एकाने फार कौतुक केलं म्हणून. मुलगी नुकतीच कॉलेजला गेली होती, घर एकदम शांत झालं होतं, म्हटलं बघून येऊ. शनिवारचा एका दिवसाचा बॅज काढला, एका खेळात नाव घातलं आणि सकाळी गाडी काढली. तीन तासांचा रस्ता. वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो म्हणून खुशीत होतो... आणि तेव्हा कळलं की इंडियानापोलिसचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं. म्हणजे मी अर्धा तास उशिरा पोचलो होतो. माझ्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसलं होतं आणि डाव रंगात आला होता.

मग दिवसभर दालनात फिरलो. हे बघ, ते बघ, रांगेत उभा राहा. दोन खेळ विकत घेतले, बारा डॉलरचं सँडविच खाल्लं, पाय सुजले. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं की आठ तासांत आपण एकही डाव खेळलो नाही. एवढ्या हजारो माणसांत दुकानदार सोडून कुणाशी चार वाक्यं बोललो नाही. त्या दोन खेळांतला एक अजून कपाटात प्लॅस्टिकसकट पडून आहे. त्याला कमीत कमी चार भिडू लागतात आणि आम्ही घरी दोघंच.

आपलं काय चुकलं हे मला त्या वर्षी कळलं नाही. पुढे कधीतरी या जत्रेचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं.

हे सगळं सुरू झालं ते युद्धाच्या खेळांपासून. चार्ल्स रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४ साली नकाशावर पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनी लढाई खेळायचा एक खेळ काढला, आणि १९५८ साली ॲव्हलॉन हिल नावाची कंपनी. त्याच वर्षी त्यांचा 'गेटिसबर्ग' आला. अमेरिकन यादवी युद्धातली लढाई घरच्या टेबलावर. खेळ चांगला, पण अडचण अशी की असला किचकट आणि वेळखाऊ खेळ आवडणारा माणूस गावात बहुधा एकटाच असायचा. बुद्धिबळाला आळीत कोणीतरी सापडतो, याला कोण सापडणार?

मग ॲव्हलॉन हिलने १९६४ पासून 'जनरल' नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्यात डावपेचांवरचे लेख वगैरे असायचेच, पण खरी मजा त्यातल्या छोट्या जाहिरातींची. "भिडू पाहिजे" अशा अर्थाच्या जाहिराती. नाव, पत्ता, कुठला खेळ येतो. आपल्याकडच्या वधू-वर सूचक सदरासारखंच! असा भिडू मिळाला की डाव टपालाने चालायचा. एक चाल लिहून पाठवायची, उत्तराची वाट बघायची, मग पुढची. एकेका लढाईला महिनोन्महिने. खऱ्या लढाईला तीन दिवस लागले होते. :)

या एकट्या खेळाडूंपैकी एक होता गॅरी गायगॅक्स. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावात राहायचा, शिकागोत एका विमा कंपनीत नोकरी करायचा. गेटिसबर्गने त्याला १९५८ मध्येच झपाटलं होतं. पुढे त्याने अशाच इतर वेड्यांबरोबर एक संघटना बांधली आणि १९६७ साली त्यातल्या काही जणांना सरळ घरी बोलावलं. वीसेक माणसं आली. टपालातून ओळखीची असलेली माणसं पहिल्यांदा एकमेकांसमोर बसली.

घर अपुरं पडलं. म्हणून पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट १९६८ ला, त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल एका दिवसासाठी भाड्याने घेतला. भाडं ५० डॉलर. प्रवेश फी एक डॉलर. शंभराच्या आसपास माणसं आली, म्हणजे भाडं निघालं. ही पहिली जेन कॉन. लेक जिनिव्हातलं कन्व्हेन्शन म्हणून 'जेन कॉन', आणि वर युद्धाच्या नियमांच्या जिनिव्हा कन्व्हेन्शनवर कोटीही. युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना ती आवडणारच.

लेक जिनिव्हा आमच्याकडून दीड तासावर आहे. एका रविवारी मी आणि बायको मुद्दाम जाऊन तो हॉल बघून आलो. आपल्याकडच्या लहानशा मंगल कार्यालयाएवढा असेल. बायको म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

आता भाच्या, यातून पहिली व्यवहाराची गोष्ट. ही जत्रा दुकानांसाठी सुरू झाली नाही, समोर बसायला कोणी मिळत नव्हतं म्हणून सुरू झाली. तेव्हा जायच्या आधी टेबलावरची जागा धरून ठेवायची. खेळांची यादी साधारण वसंतात येते आणि नोंदणी मे महिन्यात उघडते. हजारो खेळ असतात, आपल्या पसंतीची यादी करून ठेवावी लागते आणि लोकप्रिय खेळ भराभर भरतात. दिवसाला दोनच खेळ नक्की करायचे, जास्त नाही. एक सकाळी, एक संध्याकाळी. मधला वेळ मोकळा. आणि नोंदणी हुकली तरी घाबरायचं नाही. खेळ सुरू व्हायच्या वेळी टेबलापाशी जाऊन उभं राहायचं. ऐनवेळी न येणारा एखादा असतोच (तो मी होतो!). त्याची खुर्ची मिळते.

पुढचा इतिहास. १९६९ च्या दुसऱ्या जेन कॉनला मिनेसोटाहून डेव्ह आर्नेसन नावाचा एक तरुण आला. त्याची आणि गायगॅक्सची तिथे भेट झाली, दोघांचं जमलं, जुन्या शिडाच्या जहाजांच्या लढाईचा एक खेळ दोघांनी मिळून लिहायला घेतला. १९७० मध्ये गायगॅक्सची नोकरी गेली. पाच पोरांचा बाप. त्याने घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करायला सुरुवात केली आणि उरलेल्या वेळात खेळ लिहीत राहिला.

तिकडे आर्नेसन आपल्या मित्रांबरोबर एक वेगळाच प्रकार खेळत होता. त्यात प्रत्येक भिडूकडे सैन्य नाही, एकच माणूस. त्या एका माणसाचं सोंग घ्यायचं, आणि एक जण कथेकरी. "समोर दार आहे, काय करतोस?" असं तो विचारणार, बाकीच्यांनी सांगायचं, आणि जिथे शंका तिथे फाशे. १९७२ च्या हिवाळ्यात तो हा खेळ घेऊन लेक जिनिव्हाला गेला आणि गायगॅक्सच्या घरी खेळून दाखवला. त्यातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' तयार झाला. जुन्या प्रकाशकांनी रस दाखवला नाही म्हणून गायगॅक्सने डॉन के या बालमित्राबरोबर १९७३ साली टीएसआर नावाची स्वतःची कंपनी काढली. के याने आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं. जानेवारी १९७४ ला पहिल्या हजार प्रती निघाल्या, किंमत १० डॉलर, खोकी घरीच भरली. के बिचारा वर्षभरात, वयाच्या ३६ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. यश त्याने पाहिलं नाही.

ताई, हा खेळ म्हणजे काय ते तुला एका वाक्यात सांगतो. आपण गच्चीवर "समजा मी राजा, समजा तू चोर" खेळायचो ना, तोच, फक्त नियम आणि फाशे घालून. आणि आठव, आपल्या खेळात भांडण कशावरून व्हायचं? "मी तुला मारलं!" "नाही, लागलंच नाही!" यावरून. ते भांडण फाशांनी मिटवलं, एवढाच काय तो शोध. पण त्यातून झालं असं की एक खेळ तयार झाला जो एकट्याने खेळताच येत नाही. पाच-सहा माणसांनी चार तास एका टेबलाभोवती बसून एकमेकांशी बोलल्याशिवाय तो होतच नाही.

जेन कॉन मग वाढत गेली. लेक जिनिव्हातले हॉल पुरेनात. १९७७ ला तर ती गावाजवळच्या प्लेबॉय क्लबच्या रिसॉर्टमध्ये भरली. (ताई, नुसती जागा भाड्याने घेतली होती.) १९७८ पासून १९८४ पर्यंत केनोशाजवळ विद्यापीठाच्या पार्कसाइड आवारात, १९८५ पासून मिलवॉकीत. १९९२ मध्ये १८ हजारांवर माणसं आली. २००३ पासून इंडियानापोलिस. आणि २०१७ मध्ये, पन्नासाव्या जेन कॉनला, इतिहासात पहिल्यांदाच सगळे बॅज आधीच संपले.

म्हणून भाच्या, दुसरी गोष्ट. एक डॉलर देऊन दारात आत शिरायचे दिवस गेले. बॅज वर्षाच्या सुरुवातीलाच विक्रीला येतात तेव्हा घ्यायचा. हॉटेलच्या सवलतीच्या खोल्यांसाठी बॅजवाल्यांची सोडत असते, म्हणजे कोणाला कधी खोली निवडायला मिळणार ती वेळ चिठ्ठीने ठरते. जवळची हॉटेलं मिनिटांत संपतात. नंबर लागला नाही तर शहराबाहेरची खोली चौघांत मिळून घ्यायची, पण मग पार्किंगचे पैसे आणि रोजचा जायचा-यायचा तास हिशोबात धरायचा. तुम्ही पोरांनी तेच केलंय असं तू म्हणालास, चांगलं केलंत. तुझ्या विद्यापीठाचं घड्याळ आणि तिथलं घड्याळ एकच आहे, तेवढा तुझा फायदा!

आता ताईसाठी जे लिहायचंय ते लिहितो.

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा एक मुलगा वसतिगृहातून नाहीसा झाला. अतिशय हुशार, म्हणून तर १६ व्या वर्षी कॉलेजात. तो हा खेळ खेळायचा. घरच्यांनी नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने तर्क मांडला की पोरगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत खेळ खेळायला गेला आणि तिथेच हरवला. वर्तमानपत्रांनी तो तर्क उचलला. देशभर बातम्या झाल्या. महिन्याभराने मुलगा दूर लुइझियानात सापडला. खेळाचा संबंध नव्हता. तो बोगद्यात गेला होता खरा, पण जीव द्यायला. तो खूप एकटा होता आणि अभ्यासाच्या, अपेक्षांच्या ओझ्याखाली दबला होता. त्यातून तेव्हा वाचला, पण पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्याने स्वतःला संपवलं.

हे सगळं पुढे त्या गुप्तहेराने स्वतःच १९८४ साली पुस्तकात लिहिलं. पण तोवर खेळाचं नाव बदनाम झालेलं होतं. त्यावरून कादंबरी आली, टीव्हीचा सिनेमा आला. १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध पालकांची एक संघटना निघाली, १९८५ मध्ये राष्ट्रीय टीव्हीवर कार्यक्रम झाला, चर्चमधून प्रवचनं झाली. हा खेळ खेळल्याने मुलं जीव देतात असं काही पुढच्या काळात कोणी दाखवून देऊ शकलं नाही. पण कित्येक घरांतून पुस्तकं आणि फाशे कचऱ्यात गेले, आणि आठवड्यातून एकदा जमणारी कित्येक टेबलं मोडली.

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. एवढी माणसं त्या मुलाला शोधत होती आणि सगळी खेळाकडे बघत होती.

ताई, तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझं पोरगं ठीक आहे. पण जानेवारीत मी त्याच्याकडे दोन दिवस जाऊन आलो ते तुला थोडं सांगायला हवं. खोली नीटनेटकी, मार्क चांगले, फ्रिजमध्ये डाळ. टेबलावर लॅपटॉपशेजारी एक छोटी कापडी पिशवी होती. मी उघडली तर फाशे. पुण्यात शनिवारी चौघं मित्र जमायचे ना, तेच. मी सहज विचारलं, "इथे कुणाबरोबर खेळतोस?" तर म्हणाला, "कुणाबरोबर नाही, मामा." आणि विषय बदलला. तू फोन केलास की तो "बरं चाललंय" म्हणतो, ते खोटं नाही. पण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत त्या पोराने अभ्यासाव्यतिरिक्त कुणाशी तासभर गप्पा मारल्या असतील असं मला वाटलं नाही.

त्यानंतर मीच त्याला जेन कॉनबद्दल सांगितलं. हो, मीच. आता ओरडायचं ते मला ओरड. त्याने स्वतःच्याच विभागातली तीन पोरं शोधून काढली, एक तेलुगू, एक कोरियन, एक इथला, जी जायच्या विचारात होती. मे महिन्यात खेळांची यादी करताना त्याने मला फोन केला आणि चाळीस मिनिटं बोलला. एवढं तो माझ्याशी गेल्या दहा वर्षांत बोलला नसेल.

आणि आपल्या घरात तरी काय वेगळं होतं गं? गणपतीत आरत्या झाल्या की आजोबा चटईवर पत्ते घेऊन बसायचे. मेंढीकोट, झब्बू, पहाटेपर्यंत. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन काका त्या रात्री एका जोडीत असायचे. तेव्हा कोणी म्हणालं नाही की पत्ते कुटायला का जमलात.

असो. जरा जास्तच झालं. पुन्हा जत्रेकडे.

दालनाचा मोठेपणा कुठून आला त्याचीही गोष्ट आहे. पीटर ॲडकिसन नावाचा बोइंगमध्ये नोकरी करणारा माणूस खेळांची छोटी कंपनी चालवत होता. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने त्याच्यासाठी पत्त्यांचा एक खेळ केला, 'मॅजिक: द गॅदरिंग'. १९९३ च्या ऑगस्टात तो बाजारात आला आणि मिलवॉकीच्या जेन कॉनला हातोहात खपला. त्यातून इतका पैसा आला की १९९७ मध्ये, कर्जात बुडालेली गायगॅक्सची जुनी टीएसआर कंपनीच ॲडकिसनने विकत घेतली, आणि तिच्याबरोबर जेन कॉनही. पुढे १९९९ मध्ये त्याची कंपनी हॅस्ब्रोने घेतली, आणि २००२ मध्ये ॲडकिसनने हॅस्ब्रोकडून एकटी जेन कॉन परत विकत घेतली. ज्या जत्रेत त्याचा माल खपला होता ती जत्राच त्याने घेतली. सगळं सुरळीत झालं असंही नाही. २००८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पण जत्रा एकाही वर्षी बंद पडली नाही. २०२० मध्ये कोविडमुळे हॉल बंद होते, तेव्हा ऑनलाइन भरली.

गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेला. त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं होतं. त्याच्या आठवणीत २००९ पासून लेक जिनिव्हात 'गॅरी कॉन' नावाची वेगळी छोटी जत्रा भरते. मूळ गावात, पुन्हा टेबलं मांडून.

तर तिसरी गोष्ट दालनाची. गुरुवारी सकाळी दहाला दार उघडतं तेव्हा नव्या खेळांसाठी अक्षरशः पळापळ होते. त्यात शिरायचं नाही. कुठला एखादा खेळ हवाच असेल तर त्याच्या दुकानाचा क्रमांक आधी नकाशावर बघून ठेवायचा आणि थेट तिथेच जायचं. बाकी दालन शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी निवांत बघावं. किती पैसे खर्चायचे तो आकडा घरूनच ठरवून न्यायचा. आणि विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा मी कुणाबरोबर खेळणार आहे? उत्तर नसेल तर खोकं खाली ठेवायचं. माझ्या कपाटाकडून शिक.

चौथी गोष्ट शरीराची. तिथले जुने लोक सहा-दोन-एकचा नियम सांगतात. आपल्या पाच-तीन-दोनसारखा वाटतो, पण हा पत्त्यांचा नाही. रोज कमीत कमी सहा तास झोप, दोन वेळा नीट जेवण, एक आंघोळ. हसू नकोस, तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे! हॉलमध्ये हजारो माणसं आणि बंद हवा. परत आल्यावर सर्दी-तापाने आडवं पडणाऱ्यांची संख्या एवढी की त्या आजाराला त्यांनी 'कॉन क्रड' असं नावच ठेवलंय. हात सतत धुवायचे. जुने, पायात बसलेले बूट घालायचे, नवे अजिबात नाही. पाण्याची बाटली, फोनचा जादा चार्जर आणि एक पातळ स्वेटर पिशवीत हवा, कारण बाहेर ऊन आणि आत एसी. जॉर्जिया स्ट्रीटवर खाण्याच्या गाड्या लागतात, पण जेवायच्या वेळी रांगा मोठ्या. साडेअकराला किंवा अडीचला जा. सोबत पराठे असले तर उत्तम.

पाचवी गोष्ट टेबलाची, आणि हीच खरी. दुसऱ्या वर्षी मी एका खेळात नाव घातलं जो मला अजिबात येत नव्हता. टेबलावर एक निवृत्त शाळामास्तर, एक ट्रक चालवणारा आणि आई-मुलगी अशी जोडी. मी बसताक्षणी सांगून टाकलं, "मी नवीन आहे, मला नियम माहीत नाहीत." वाटलं होतं कपाळाला आठ्या पडतील. उलट चौघांनीही खुर्च्या माझ्याकडे सरकवल्या. शिकवायला मिळालं म्हणून त्यांना आनंदच झाला होता. चार तास कुठे गेले कळलं नाही. मी पहिल्या तासाभरातच हरलो होतो, पण मास्तरांनी मला त्यांच्या बाजूला घेतलं.

तेव्हा येत नसेल तर येत नाही म्हणायचं. दहा मिनिटं आधी पोचायचं. येणं होणार नसेल तर तिकीट परत करायचं, म्हणजे दुसऱ्याला बसता येईल. दुसऱ्याच्या सोंगट्यांना न विचारता हात लावायचा नाही. फोन खिशात. हरलास तरी डाव संपेपर्यंत उठायचं नाही. खेळवणाऱ्याचे, म्हणजे त्या कथेकऱ्याचे, आभार मानायचे, तो बहुधा हौसेने आलेला असतो. आणि डाव संपला की लगेच पळू नकोस. नाव विचार, कुठून आलास विचार. त्या जुन्या 'जनरल'मधल्या जाहिरातींत लोक नाव-पत्ता छापायचे तो याचसाठी.

आणि हो, ताई, तू पाठवलेल्या चकल्या पोचल्या. त्या मी त्याच्यासाठी ठेवल्यात. फक्त टेबलावर न्यायच्या नाहीत असं मी त्याला बजावलंय, तेलकट हात पत्त्यांना लागतात आणि तिथे त्याचा फार राग येतो. डाव संपल्यावर बाहेर बसून त्या तीन पोरांबरोबर खायच्या.

मी गुरुवारी रात्री पोचतोय. एका खेळात त्याने माझंही नाव घातलंय, मला न विचारता. खेळ मला येत नाही. ओरडायचं असेल तर शनिवारी फोन कर. शुक्रवारी दुपारी दोनला आमचा डाव आहे, इंडियानापोलिसच्या घड्याळाप्रमाणे.